मृत्युपत्रावरील तारीख

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राविषयी आपल्याकडे जे समज रूढ आहेत, त्यांपैकी दोन परस्परविरुद्ध असूनही सारखेच दृढ आहेत: तारीख नसेल तर मृत्युपत्र आपोआप रद्द होते, हा एक, आणि तारीख हा निव्वळ उपचार आहे, हा दुसरा. वस्तुस्थिती अशी की, १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचे कलम ६३ मृत्युपत्र करणाऱ्याची सही किंवा निशाणी आणि किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन मागते, तारीख मागत नाही. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत याच्या उलट आहे. तेथे संपूर्ण मजकूर, तारीख आणि सही स्वतःच्या हातची असली की साक्षीदार लागत नाहीत. मोहिमेवरील सैनिकासारखे मोजके अपवाद वगळता ती सवलत आपल्याकडे नाही, हे 'सारे माझ्याच अक्षरात आहे, मग साक्षीदार कशाला?' असे म्हणणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

मग कायदा मागत नसलेल्या तारखेचा एवढा आग्रह का? कारण शुद्धीवर असलेला मनुष्य हयातीत कितीही वेळा आपले मृत्युपत्र बदलू शकतो आणि विधिवत केलेले शेवटचे मृत्युपत्रच अखेर चालते. समजा, एखाद्या गृहस्थाच्या पश्चात कपाटात एकाच अक्षराचे दोन कागद निघाले, एकात शेतजमीन थोरल्या मुलाला दिलेली, दुसऱ्यात तीच मुलगा व मुलगी यांना समान वाटून दिलेली, आणि तारीख दोहोंवरही नाही. अशा वेळी कोणता कागद आधीचा हे सांगणारे साक्षीदारही मयत असतील, तर मृताची खरी इच्छा न्यायालयाने कशाच्या आधारे ठरवावी? शिवाय सहीच्या दिवशी त्याची बुद्धी ठिकाणावर होती की नव्हती, हा वाद तो दिवसच अज्ञात असता कसा मिटावा?

नोंदलेले मृत्युपत्र नंतरच्या न नोंदलेल्या मृत्युपत्रावर मात करते, हाही भ्रमच होय. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. मुद्रांक कागदही लागत नाही, आणि कोणी तो वापरलाच तर त्याच्या खरेदीची तारीख ही मृत्युपत्राची तारीख ठरत नाही. सर्वांत घातक सवय मात्र खाडाखोडीची: जुन्या तारखेवर नवी गिरवली म्हणजे दस्तऐवज ताजा होतो असे मानणारे पुष्कळ आहेत, पण सही झाल्यावर केलेला फेरफार उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ७१ अन्वये पुन्हा सही व साक्षांकन झाल्याविना निष्फळ असतो, आणि वर संशयाला वाव मिळतो तो वेगळाच. बदल करायचा झाल्यास पुरवणी मृत्युपत्र करावे, किंवा नवे लिहून त्यात पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचे स्पष्ट नमूद करावे.

म्हणून वाचकांना विनंती ही की, दिवस, महिना आणि वर्ष अंकी व अक्षरी दोन्ही लिहावे, शेजारी स्थळ घालावे. मिती घालण्याची हौस असेल तर शकासह घालावी, पण इंग्रजी तारीख सोडू नये. आणि दोन्ही साक्षीदारांनी आपापल्या सहीखाली स्वतःच्या हाताने तारीख घातल्याखेरीज तो कागद कपाटात ठेवू नये.