बंदी घाला, पण कारण सांगा

भाच्याच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, ‘सरकारने इंटरनेटवर सेन्सॉरशिप लावावी का?’ फोन करून म्हणाला, "मावशी, बाजूने बोलू की विरुद्ध?" मी म्हटलं, "आधी सांग, २०१४ चं नवरात्र आठवतंय का?" त्याला एवढंच आठवत होतं की त्या वर्षी आईने गरब्याला जाऊ दिलं नव्हतं.

वडोदऱ्यातल्या मोठ्यांना बाकीचंही आठवत असेल. फेसबुकवर फेरफार केलेलं, भावना दुखावणारं एक चित्र आलं, शहराच्या काही भागांत दंगल झाली आणि मोबाइलवरचं इंटरनेट काही दिवस बंद केलं गेलं. चित्र पुढे पसरू नये हा हेतू, आणि मला तेव्हा तो पटलाही होता. अफवा मात्र थांबल्या नाहीत. त्या दूधवाल्याबरोबर आल्या, जिन्यात भेटल्या, गच्चीवरून ऐकू आल्या. एका दुपारी आमच्या इमारतीत बातमी आली की माझी नणंद राहते त्या भागात घरं पेटवली आहेत. तिचा लँडलाइन तासभर एंगेज. सासूबाई देवापुढे बसल्या. शेवटी फोन लागला, तर नणंदबाई उपासाची खिचडी परतत होत्या. त्यांच्याकडे बातमी होती की आमच्याच गल्लीत जाळपोळ झाली आहे, म्हणून त्याही तासभर आम्हालाच फोन लावत होत्या! खोटं पसरायला इंटरनेट लागलं नाही. ते खोटं आहे हे कळायला मात्र वेळ लागला.

तरीही मी भाच्याला सरळ ‘विरुद्ध बोल’ म्हणू शकले नाही. कारण राईनपाडा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे गाव. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज आणि व्हिडिओ त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात आले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. पाच माणसांचे जीव गेल्यावर ‘कुणीच काही अडवू नये’ हे मला म्हणवत नाही. लहान मुलांच्या शोषणाचे व्हिडिओ तर काढलेच पाहिजेत, त्यावर कसला वादविवाद?

मग अडतं कुठे? अडवणाऱ्याला कोण विचारणार, इथे.

पालघरची गोष्ट घ्या. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न केला, तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम लावलं होतं, ज्याच्या शब्दांत ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’सुद्धा बसत होती आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. (एवढ्यावर तुरुंग असेल तर आमच्या कुटुंबाच्या ग्रुपमधले निम्मे काका आत असते.) या अटकेनंतर श्रेया सिंघल ही दिल्लीची तरुण मुलगी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केलं. गंमत म्हणजे, रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस ठाण्यांतून नंतरही गुन्हे नोंदवले जात होते. २०२१ मध्ये न्यायालयालाच त्याचा धक्का बसला.

त्याच निकालात ६९अ कलम मात्र टिकलं. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी केंद्र सरकार एखादी साइट किंवा पोस्ट बंद करायला लावू शकतं. कारणं लेखी नोंदवावी लागतात, पण २००९ च्या नियमांतला सोळावा नियम सांगतो की तक्रार आणि त्यावरची कारवाई गोपनीय ठेवायची. म्हणजे कारण लिहायचं आणि कपाटात ठेवायचं. पत्रकार तनुल ठाकूर यांनी हुंड्याची टर उडवणारी एक साइट केली होती. मुलाचं वय, जात, पगार भरा, हुंडा किती ते पाहा. सोयरिकीच्या बैठका पाहिलेल्या कुणालाही त्यातला टोमणा कळेल. २०१८ मध्ये ती बंद झाली. त्यांचं म्हणणं आधी कुणी ऐकलं नाही, आदेशाची प्रतही दिली नाही. त्यासाठी त्यांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं आणि प्रत द्या, म्हणणं ऐका, असं न्यायालयाने सांगितलं ते मे २०२२ मध्ये.

इथे मला टिळक आठवतात. १९०८ साली ‘केसरी’तल्या लेखांबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला पाठवलं. अन्यायच तो. पण कोणते लेख आणि कोणता आरोप, हे भर कोर्टात सांगितलं गेलं. टिळक कित्येक दिवस स्वतःचा बचाव करत बोलले आणि ते भाषण आपण आजही वाचू शकतो. (इंग्रजांची फार तरफदारी नको. १९१० च्या प्रेस कायद्याने त्यांनी छापखान्यांकडून अनामत घेऊन ती जप्त करायची सोय केलीच.) आज एखादी पोस्ट नाहीशी झाली तर ती कुणी, का काढली, हे लिहिणाऱ्यालासुद्धा कळेलच असं नाही, वाचणाऱ्याचं तर सोडाच.

आणि काय खोटं हे ठरवणारा स्वतःच वादातला पक्ष असेल तर? २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलले. केंद्राच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे केंद्राचंच पथक ठरवणार होतं. कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. तिसऱ्या न्यायमूर्तींनी सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

हे सगळं मी भाच्याला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "मावशी, बोलायला चारच मिनिटं आहेत." शिवाय बाजू निवडायची नव्हतीच, चिठ्ठी टाकणार होते. त्याच्या वाट्याला ‘बाजूने’ आलं. तो बंदीच्या बाजूने बोलला, पण प्रत्येक आदेश कारणासकट जाहीर करायचा आणि ज्याचा मजकूर त्याला आधी विचारायचं, या दोन अटी घालून. परीक्षकांनी विषय सोडून बोलल्याबद्दल गुण कापले.