वादळानंतरची मजुरी: समज आणि वस्तुस्थिती

८ सप्टेंबर २००५. कॅटरिना वादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळून दहा दिवस झाले होते आणि न्यू ऑर्लिन्सचा मोठा भाग अजून पाण्याखाली होता. त्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी दोन कागदांवर सह्या केल्या. पहिल्याने आपत्तीनिवारणासाठी सुमारे ५२ अब्ज डॉलर मोकळे झाले. दुसऱ्याने लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा आणि फ्लोरिडाच्या आपत्तीग्रस्त भागांत डेव्हिस-बेकन कायदा स्थगित झाला. सरकारी बांधकामावरच्या मजुराला त्या भागात चालू असलेल्या दरापेक्षा कमी देता येत नाही, असं हा कायदा सांगतो. पैसे सुटले आणि त्यातले मजुरापर्यंत किती पोचावेत याची अट निघाली, तीही एकाच दिवशी.

त्या वेळी या स्थगितीच्या बाजूने जे बोललं गेलं, ते आजही प्रत्येक पुरानंतर, भूकंपानंतर ऐकू येतं. आपल्याकडेही. म्हणून एकेक समज घेऊन न्यू ऑर्लिन्समध्ये प्रत्यक्ष काय झालं ते पाहू.

समज: मजुरीचे नियम सैल केले की काम लवकर आणि स्वस्तात होतं

स्थगितीच्या बाजूने दिलेलं कारण साधारण हेच होतं: खर्च कमी होईल, कागदपत्रांचा व्याप वाचेल, जास्त लोकांना मदत मिळेल. ऐकायला रास्त वाटतं. पण मजुरी कमी झाल्याने वाचलेला पैसा सरकारी तिजोरीत परत जाईल, अशी सोय या स्थगितीत नव्हती. कंत्राटाची रक्कम कंत्राटदाराने ठरवायची आणि मजुरीही त्यानेच. मधला फरक कोणाच्या खिशात जाणार, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

शिवाय सुरुवातीची कित्येक मोठी कंत्राटं निविदा न मागवताच दिली गेली. विस्थापितांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी बेक्टेल, फ्लोर, शॉ आणि सीएचटूएम हिल या चार बड्या कंपन्यांना केंद्रीय आपत्ती संस्था ‘फेमा’ने अशीच कामं दिली. दर पाडायला स्पर्धकच नसेल, तर मजुरी कमी केल्याने कंत्राट स्वस्त कशाला होईल?

फुटक्या छपरांवर निळी ताडपत्री ठोकण्याचं काम घ्या. शंभर चौरस फुटांमागे मुख्य कंत्राटदाराला सुमारे १७५ डॉलर मिळत असल्याचं अमेरिकन वर्तमानपत्रांनी छापलं. ताडपत्री फेमाची, फुकट. म्हणजे पैसे फक्त ती ठोकण्याचे. मुख्य कंत्राटदाराने ते काम उपकंत्राटदाराला दिलं, त्याने पुढच्याला, त्याने आणखी पुढच्याला. प्रत्येक पायरीवर वाटा कापला गेला आणि शिडी लावून प्रत्यक्ष छपरावर चढणाऱ्याच्या हातात त्यातले थोडेच डॉलर पडले. मलबा उचलण्याच्या कामातही हीच साखळी होती. कामाचा खर्च वाढला तो या पायऱ्यांमुळे.

कागदपत्रांच्या व्यापाबद्दलही थोडं. डेव्हिस-बेकनच्या कामावर कंत्राटदाराला दर आठवड्याला पगारपत्रक सादर करावं लागतं: कोण, किती तास, कोणत्या दराने. कंत्राटदाराला ही कटकट वाटते. पण पुढे मजुरी बुडाली तर मजुराच्या बाजूने बोलणारा पुरावा बहुतेकदा तोच असतो. स्थगितीने ही कटकट गेली, आणि कोणाला काय दिलं याचा सरकारी मागही गेला.

समज: हा युनियनवाल्यांच्या चोचल्यांचा कायदा होता

१९३१ साली हा कायदा आणला तो सिनेटर जेम्स डेव्हिस आणि प्रतिनिधी रॉबर्ट बेकन यांनी. दोघेही रिपब्लिकन, आणि सही करणारे अध्यक्ष हर्बर्ट हूवरही रिपब्लिकन. चोचल्यांचं म्हणाल, तर न्यू ऑर्लिन्समध्ये साध्या बांधकाम मजुराचा दर या कायद्यानुसार तासाला नऊ डॉलरच्या आसपास होता. देशाचं किमान वेतन तेव्हा ५.१५ डॉलर होतं, तेही १९९७ पासून तिथेच थिजलेलं.

या कायद्याचा इतिहास मात्र पूर्ण स्वच्छ नाही, आणि त्याच्या समर्थकांना हे सांगायला आवडत नाही. बेकन यांच्या मतदारसंघात एका सरकारी रुग्णालयाचं काम अलाबामाच्या कंत्राटदाराने तिकडून कृष्णवर्णीय मजूर आणून केलं होतं. कायद्याच्या मागणीला सुरुवात तिथून झाली. स्थानिकांचा दर वाचवण्याच्या भाषेमागे वंशद्वेषही होता. पुढे २००५ मध्ये हाच कायदा उठला, तेव्हा ज्यांना झळ बसली त्यांत न्यू ऑर्लिन्सचे कृष्णवर्णीय मजूर होते. २००० च्या जनगणनेनुसार त्या शहरातले सुमारे २८ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. स्थगितीनंतर आठवड्याभराने, १५ सप्टेंबरला, बुश यांनी शहरातल्या जॅक्सन चौकात उभं राहून भाषण केलं. या गरिबीची मुळं वंशभेदाच्या इतिहासात आहेत, हे त्यांनी तिथे मान्य केलं. मग त्या गरिबांच्या हाताला मिळू शकणाऱ्या कामाचा दर कशाला पाडला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. घर गेलेल्या माणसाला पुनर्बांधणीची मजुरी ही मदतच असते, फक्त तिच्यासाठी रांगेत उभं राहून अर्ज भरावा लागत नाही.

समज: बाहेरच्यांनी येऊन स्थानिकांची कामं पळवली

स्थानिकांची कामं गेली हे खरं. न्यू ऑर्लिन्सजवळच्या बेल चास इथल्या नौदलाच्या तळावर सुमारे ७५ स्थानिक वीजतंत्री कामाला लागले होते आणि काही आठवड्यांतच त्यांच्या जागी परराज्यांतून आणलेले कमी पगाराचे कामगार आले. पण ‘पळवली’ म्हणताना पळवणारा कोण, हे पाहावं लागतं.

कायदा स्थगित होण्याच्या दोन दिवस आधी आणखी एक सूट मिळाली होती. नव्या कामगाराची कागदपत्रं न तपासणाऱ्या मालकावर ४५ दिवस कारवाई होणार नव्हती. वादळात लोकांचे कागद वाहून गेले होते, तेव्हा सूट समजण्यासारखी होती. तिचा वापर मात्र कागद मुळातच नसलेल्या माणसांना बोलावण्यासाठी झाला. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले मजूर टेक्सासमधून, फ्लोरिडातून गाड्या भरून आणले गेले. दुसरीकडे, शहरातले मूळ रहिवासी ह्यूस्टन, अटलांटासारख्या शहरांत अडकले होते. परतायला घर नव्हतं. मजुरांना कंत्राटदार तंबूत, गाडीत, पडक्या हॉटेलात झोपवत होते. मुलाबाळांच्या कुटुंबाला ते शक्य नव्हतं.

२००६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठ (बर्कली) आणि टुलेन विद्यापीठाच्या संशोधकांनी शहरातल्या बांधकाम मजुरांची पाहणी केली. सुमारे चौथा हिस्सा मजूर कागदपत्रांविना काम करत होते. कागद असलेल्यांना तासाला सरासरी साडेसोळा डॉलर मिळत, नसलेल्यांना दहा. काम तेच. बुरशी लागलेल्या भिंती फोडायच्या, कुजलेले फ्रीज बाहेर काढायचे, तेही पुष्कळदा मास्कशिवाय. कागद नसलेल्यांची मजुरी बुडण्याचं प्रमाणही जास्त होतं.

समज: कागद नाहीत, म्हणजे मजुरीवर हक्कही नाही

चूक. केलेल्या कामाचं किमान वेतन आणि आठवड्याला ४० तासांपुढच्या कामाचा दीडपट दर अमेरिकन कायद्यानुसार त्यांनाही लागू आहे. हक्क मागायला गेल्यावर पकडून देण्याची धमकी मिळते, ही वेगळी गोष्ट. तरी काहींनी दावे लावले आणि थकलेली मजुरी वसूल केली.

समज: रीतसर व्हिसावर आलेल्यांना तरी त्रास नसतो

इथे आपला थेट संबंध येतो. वादळात मेक्सिकोच्या आखातातले तेलाचे फलाट मोडले. ते दुरुस्त करण्यासाठी सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर नेले. काम खासगी असल्याने डेव्हिस-बेकनचा इथे संबंध नव्हता. माणसं कायदेशीर होती, हंगामी कामाच्या एच-टू-बी व्हिसावर. भरती करणाऱ्यांत मुंबईतली एक एजन्सी होती.

या कामगारांनी एजंटांना प्रत्येकी दहा ते वीस हजार डॉलर मोजले होते. कोणी जमीन विकली, कोणी घरातलं सोनं. त्यांना ग्रीन कार्ड मिळेल, बायकामुलांना नेता येईल, असं सांगितलं गेलं होतं. मिसिसिपीतल्या पास्कागुला आणि टेक्सासमधल्या ऑरेंज इथे पोचल्यावर कळलं, की व्हिसा काही महिन्यांचा आणि एकाच मालकाशी बांधलेला आहे. मुक्काम कुंपणाआडच्या छावणीत, एका ट्रेलरमध्ये चोवीस जणांपर्यंत, आणि त्या जागेसाठी पगारातून महिन्याला सुमारे १,०५० डॉलरची कपात. तासाचा दर कागदावर किमान वेतनाच्या बराच वर होता. म्हणून निव्वळ दर विचारून मजुरी न्याय्य आहे की नाही हे कळत नाही. किती कर्ज काढून आलास, किती कापतात, आणि सोडून जाता येतं का, हेही विचारावं लागतं. ऊसतोड मजुराची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. अंगावर घेतलेली रक्कम फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. इथे मुकादमाच्या जागी व्हिसा होता.

मार्च २००७ मध्ये तक्रारी करणाऱ्या काही जणांना पकडून भारतात परत धाडण्याचा प्रयत्न झाला. त्यांतल्या एकाने आत्महत्येचा प्रयत्न केला. पुढच्या मार्चमध्ये शंभराच्या आसपास कामगार काम टाकून बाहेर पडले आणि वॉशिंग्टनकडे निघाले. या प्रवासाला त्यांनी सत्याग्रह म्हटलं. राजधानीत उपोषणही केलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पाच कामगारांना सुमारे १.४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. त्यानंतर कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, माफी मागितली आणि उरलेले दावे २ कोटी डॉलरच्या तडजोडीत मिटवले. तोवर वादळाला दहा वर्षं होत आली होती.

समज: मजूर कमी पडले की दर आपोआप वाढतात, कायदा कशाला?

यात तथ्य आहे. त्या हिवाळ्यात न्यू ऑर्लिन्समध्ये बर्गर किंगने वर्षभर टिकणाऱ्या नव्या नोकराला ६,००० डॉलरचा बोनस देऊ केला होता, इतकी माणसांची चणचण होती. पण चढ्या दराचा फायदा त्यालाच, ज्याला हे काम सोडून पलीकडच्या दुकानात जाता येतं. कर्जात अडकलेला वेल्डर किंवा पोलिसाला भिणारा छपरावरचा पोरगा बाजारभाव ऐकतो, मागू शकत नाही.

समज: स्थगिती दोनच महिने होती, मग एवढा गवगवा कशाला?

आधीही असं झालं होतं: १९३४ मध्ये रूझवेल्ट, १९७१ मध्ये निक्सन, आणि १९९२ मध्ये अँड्र्यू वादळानंतर थोरले बुश. २००५ मध्ये डेमोक्रॅट प्रतिनिधी जॉर्ज मिलर यांनी राष्ट्रीय आणीबाणीच्या कायद्यातली एक तरतूद शोधून काढली, जिच्यामुळे सभागृहात मतदान टाळता येणार नव्हतं. बुश यांच्याच पक्षातले काही प्रतिनिधीही विरोधात गेले होते. हार दिसू लागल्यावर ऑक्टोबरच्या शेवटी माघार जाहीर झाली आणि ८ नोव्हेंबरपासून कायदा पुन्हा लागू झाला.

मात्र तो लागू झाला त्या तारखेनंतरच्या कंत्राटांना. मधल्या दोन महिन्यांत, म्हणजे पैसा सर्वांत वेगाने वाटला जात असताना, जी कंत्राटं झाली, ती पुढे कितीही काळ चालली तरी त्यांना जुनी सूट कायम राहिली.