भाडेकरू हप्ता फेडतो?

“फ्लॅट घेऊन टाका, भाडेकरूच हप्ता फेडेल.” पुण्यातल्या साइट ऑफिसात चहाबरोबर हे वाक्य फुकट मिळतं. कागदावर मांडून पाहू. उपनगरातला 70 लाखांचा फ्लॅट, भाडं समजा 20 हजार. 50 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं: हप्ता सुमारे 43,400. भाडेकरू निम्मासुद्धा फेडत नाही.

“निदान वर्षाला किमतीच्या साडेतीन टक्के तरी सुटतात ना?” तेही नाही. 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे 30 हजार धरले की घर 75 लाख 20 हजारांना पडतं (महिलेच्या नावावर घेतल्यास शुल्क एक टक्का कमी). वर्षाचं भाडं 2 लाख 40 हजार. त्यातून मेंटेनन्स 30 हजार, मिळकतकर 12 हजार, रंगकाम-दलाली 20 हजार आणि एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंतचा रिकामा महिना वजा करा. उरतात 1 लाख 58 हजार, म्हणजे 2.1 टक्के; प्राप्तिकर वेगळाच. एवढ्यात जेमतेम 15 लाखांच्या कर्जाचा हप्ता बसतो. बाकीचे 60 लाख स्वतःचे हवेत. मिळकतकरातली 40 टक्के सवलतही महापालिका स्वतः राहणाऱ्यालाच देते.

मोठा फ्लॅट जास्त कमावतो, हाही भ्रमच. किंमत दुप्पट झाली म्हणून भाडं दुप्पट होत नाही. दरमहा हातात पैसा हवा असेल तर नोकरीच्या ठिकाणाजवळचा जुना वन बीएचके बघावा. नव्या सोसायटीत क्लब हाऊस, जलतरण तलावाचा मेंटेनन्स मालकाच्याच बोकांडी बसतो. मात्र पाणी तपासा. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत मे महिन्याचं बिल जानेवारीपेक्षा वेगळं दिसतं.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल वाटेल तेवढे पैसे लावू शकत नाही. नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपुरतंच.

आणि सगळ्यात महागात पडणारा समज: 11 महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात.

टोकन देण्याआधी सोसायटीची मागच्या 12 महिन्यांची बिलं मागा, आणि गेटवरच्या वॉचमनला विचारा: किती फ्लॅट रिकामे आहेत?