कृषिदूत आणि शंभर दाण्यांची परीक्षा

कृषी पदवीच्या अंतिम वर्षात विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात मुक्कामास जातात. महाराष्ट्रात त्यांना ‘कृषिदूत’ व ‘कृषिकन्या’ म्हणतात. २०१५ पासून हा उपक्रम ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रमाचा भाग आहे. बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याचे प्रात्यक्षिक ते शेतकऱ्यांसमोर करतात. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. आठवड्याभरात ७० वा अधिक दाण्यांना सशक्त कोंब फुटले, तर बियाणे पेरणीयोग्य. विकतच्या बियाण्याचा खर्च वाचतो. कमी फुटले, तर दुबार पेरणीचा धोका वेळीच कळतो. पीककर्ज काढून पेरणी करणाऱ्या शेतकऱ्यास ही परीक्षा मोलाची वाटते. पुस्तकातील टक्केवारीवर एका कुटुंबाचे वर्ष अवलंबून असते, हे विद्यार्थ्यास तेथेच उमगते.