ठाणे-कल्याण परिसरातील उष्णतेची लाट : अंदाज कसा वाचावा आणि कामे कशी आखावीत

कोकणातील उन्हाळा घामाचा, भाजून काढणारा नव्हे. खरी उष्णतेची लाट विदर्भात येते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. विदर्भातील आकडे मोठे असतात, हे खरेच. नागपूर येथे मे २०१३ मध्ये ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. परंतु दि. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर भरदुपारी झालेल्या जाहीर कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा पारा सुमारे ३८ अंशांवर होता. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम न वाळल्यास शरीर थंड होत नाही. म्हणून किनारपट्टीवरील ३८ अंश विदर्भातील ३८ अंशांपेक्षा अधिक धोक्याचे ठरतात. ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, मुरबाड व शहापूर या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी लाटेचा अंदाज समजून घेऊन त्याप्रमाणे कामे आखणे त्यामुळे आवश्यक झाले आहे.

जुन्या नोंदी काय सांगतात?

या भागाला जवळची आणि दीर्घकाळाच्या नोंदी असलेली वेधशाळा म्हणजे मुंबईतील सांताक्रूझची. तेथील महिनावार उच्चांक पाहिल्यास एक गोष्ट लक्षात येते. फेब्रुवारीचा उच्चांक ३९.६ अंश (२५ फेब्रुवारी १९६६), मार्चचा ४१.७ अंश (२८ मार्च १९५६) आणि एप्रिलचा ४२.२ अंश (१४ एप्रिल १९५२) असा आहे. म्हणजे आपल्याकडील कडक ऊन मे महिन्याची वाट पाहत नाही. ते होळीच्या आगेमागेही येऊ शकते. अलीकडच्या काळात १७ मार्च २०११ रोजी ४१.६, मार्च २०१८ मध्ये ४१.०, २७ मार्च २०२१ रोजी ४०.९ आणि १६ एप्रिल २०२४ रोजी ३९.७ अंश तापमान तेथे नोंदले गेले. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस तर थंडीचा महिना सरण्यापूर्वीच ठाणे, मुंबई व रायगडसाठी लाटेचा इशारा द्यावा लागला.

येथे कोणी विचारील की, उच्चांक जर १९५२ आणि १९५६ चेच आहेत, तर उष्णता वाढली असे कसे म्हणावे? याचे उत्तर असे की, एका दिवसाचा उच्चांक त्या दिवसाच्या वाऱ्यावर अवलंबून असतो. हवामानातील बदल सरासरीवरून कळतो. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. पायाच उंचावला असल्याने तोच वारा आज वाहिला तर पारा अधिक वर जाण्याचा संभव असतो.

आपल्याकडे लाट येते कशी?

उन्हाळ्यात सकाळी जमीन तापू लागली की समुद्रावरून खारे वारे सुटतात. किनाऱ्यावर ते साधारणतः ११ ते १२ च्या सुमारास पोहोचतात आणि पारा तेथेच थांबतो. मुंबईचे दुपारचे सरासरी तापमान मार्च-एप्रिलमध्ये ३३ अंशांच्या आसपास राहते ते याच वाऱ्यांमुळे. ठाण्यापर्यंत, आणि त्याहून आत असलेल्या डोंबिवली-कल्याणपर्यंत हे वारे उशिरा व क्षीण होऊन पोहोचतात. त्यामुळे एरवीही कल्याणची दुपार मुंबईपेक्षा अधिक तापते.

काही दिवस मात्र पूर्वेकडून कोरडा वारा जोराने वाहतो आणि खाऱ्या वाऱ्यांना रोखून धरतो. हा वारा घाटमाथ्यावरून खाली उतरतो. कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाऊन तापते. दर १००० मीटरला सुमारे १० अंश, असे हे प्रमाण आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथील ३५ अंशांची हवा सरळ कोकणात उतरली तर ती ४० अंशांच्या वर जाईल. मार्च-एप्रिलमध्ये असे दिवस अधिक येतात. पुढे मे महिन्यात पश्चिमेचे वारे जोर धरतात, घाम वाढतो, परंतु पारा सहसा इतका चढत नाही.

विक्रमी तापमानाचा अंदाज कसा बांधतात?

हवामानशास्त्र विभाग दररोज फुगे सोडून वरच्या थरांतील हवेचे तापमान व वारा मोजतो. उपग्रह, जहाजे व जमिनीवरील केंद्रांच्या नोंदी त्यात मिळवून महासंगणकावर पुढील दिवसांचे गणित केले जाते. सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील हवा किती तापलेली आहे व वारा कोणत्या दिशेचा आहे, या दोन गोष्टी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. त्या तीन ते पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतात. इंग्लंडमध्ये १९ जुलै २०२२ रोजी ४०.३ अंश हा विक्रम झाला, त्याचा लाल इशारा तेथील हवामान खात्याने १५ जुलै रोजीच दिला होता.

नेमका आकडा सांगणे मात्र अवघड असते. खारे वारे १ वाजता पोहोचतात की ३ वाजता, यावर दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. शिवाय संगणकाचे गणित चौकोन पाडून होते. मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सुरू झालेल्या नव्या प्रणालीत हा चौकोन ६ किलोमीटरचा झाला, पूर्वी तो १२ किलोमीटरचा होता. तरीही खाडी, डोंगर, दाट वस्ती आणि आपले शेत एकाच चौकोनात येऊ शकते. म्हणून अंदाजात ३९ अंश असतील तर आपल्या शिवारात ४१ होऊ शकतात, असे धरून चालावे.

मोजणीविषयीही एक सूचना. अधिकृत तापमान पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर व सावलीत मोजतात. मोटारीतील किंवा रस्त्यावरील फलकावरील आकड्याची त्याच्याशी तुलना करू नये. मात्र पीक आणि मजूर पेटीत नसतात, उन्हात असतात, हेही विसरू नये.

लाट कशाला म्हणतात?

किनारपट्टीच्या भागात कमाल तापमान ३७ अंश किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असल्यास लाटेची स्थिती मानतात. सरासरीपेक्षा ६.४ अंशांहून अधिक वाढ झाल्यास ती तीव्र लाट होय. मात्र लाट जाहीर करण्यासाठी ही स्थिती हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असावी लागते, व घोषणा दुसऱ्या दिवशी होते. त्यामुळे आपल्या गावात ४१ अंश होऊनही 'लाट' हा शब्द बातम्यांत नसेल, असे घडू शकते. शब्दाची वाट न पाहता इशाऱ्याचा रंग पाहावा. पिवळा म्हणजे सावध राहा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारी कृषी हवामान सल्ला पत्रिका वाचावी. 'मेघदूत' या मोबाईल ॲपवर ती मराठीतही मिळते. पत्रिकेत आकड्याबरोबर वाऱ्याची दिशाही पाहावी. पूर्व किंवा ईशान्य वारा व आर्द्रतेत घट दिसल्यास पुढील सूचना अमलात आणाव्यात.

इशारा मिळाल्यावर करावयाची कामे

१. भाजीपाला : भेंडी, काकडी, टोमॅटो व पालेभाज्यांना आदल्या सायंकाळी हलके पाणी द्यावे. ओळींमध्ये भाताच्या पेंढ्याचे आच्छादन करावे. ४२ अंशांच्या पुढे भेंडीची फुले गळतात. फवारणी व युरियाचा हप्ता लाट ओसरेपर्यंत पुढे ढकलावा. रोपवाटिकेवर ५० टक्के सावलीची जाळी लावावी.

२. उन्हाळी भात : फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेल्यास पोचट दाण्यांचे प्रमाण वाढते. भाताची फुले साधारणतः सकाळी ९ ते ११ या वेळात उमलतात. या काळात खाचरात ५ सेंटिमीटर पाणी राखावे.

३. आंबा : फळे वाटाणा ते गोटी आकाराची असताना दर १५ दिवसांनी प्रत्येक झाडाला १५० ते २०० लिटर पाणी ३ ते ४ वेळा द्यावे व आळ्यात गवताचे आच्छादन करावे. हापूसची फळे १४ आणे तयार होताच सकाळी लवकर किंवा दुपारी ४ नंतर काढून लगेच सावलीत ठेवावीत. त्यामुळे साक्याचे प्रमाण कमी होते.

४. जनावरे व कोंबड्या : म्हशीची कातडी काळी असून घर्मग्रंथी कमी असतात. त्यामुळे तबेल्यातील म्हशींना उष्णतेचा त्रास गाईंपेक्षा अधिक होतो. दुपारी दोन-तीन वेळा अंगावर पाणी मारावे, पिण्याचे पाणी सतत समोर ठेवावे, वैरण सकाळी लवकर व सायंकाळी घालावी. पत्र्यावर चुना मारून वर पेंढा पसरावा. कोंबड्यांच्या घराला ओली गोणपाटे लावावीत व दुपारी खाद्य देऊ नये.

५. राब भाजणी : पूर्वेचा कोरडा वारा असलेल्या दिवशी राब भाजू नये. ठिणगी उडून वणवा पेटण्याचा धोका असतो. भाजणी वारा पडलेल्या दिवशी, सकाळी, बांधावरचे गवत साफ करून व पाणी जवळ ठेवूनच करावी.

६. माणसे : अंगमेहनतीची कामे सकाळी ६ ते १० या वेळात उरकावीत. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक किंवा मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. एखादी व्यक्ती बरळू लागली, झोकांड्या देऊ लागली व अंग तापलेले असेल तर तो उष्माघात समजावा. तिला सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

अहमदाबाद शहरात मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या अनुभवावरून तेथील महापालिकेने २०१३ मध्ये आगाऊ इशाऱ्यावर आधारित कृती आराखडा अमलात आणला. इशारा मिळताच कोणी काय करावयाचे, हे त्यात आधीच ठरवलेले असते. हीच पद्धत आपल्या शेतावर वापरता येते. शिमग्यापूर्वी एक दिवस काढून पाणी, आच्छादन, जाळी आणि मजुरांच्या वेळा घरातील सर्वांनी मिळून ठरवाव्यात. म्हणजे इशाऱ्यानंतर हाती असलेले तीन दिवस धावपळीत न जाता पीक, जनावरे व माणसे वाचविण्यास उपयोगी पडतील.