रोहिणीतील लेप आणि रक्ताची गुठळी

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अशा भट्टीच्या भिंती थंड राहाव्यात म्हणून नळांतून सतत पाणी खेळवावे लागते आणि नळात क्षार साचले की प्रवाह मंदावतो. कारखान्यातून निवृत्त होऊन स्मृति नगरसारख्या वसाहतीत राहणाऱ्या गृहस्थाला हृदयविकारही तसाच, म्हणजे नळ चोंदण्याचा प्रकार वाटतो. ही उपमा सोपी असली, तरी ती निम्मीच खरी आहे.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिणी महारोहिणीच्या मुळाशी उगम पावतात. त्यांच्यात साचणारा मेद आतल्या पृष्ठभागावर नव्हे, तर भिंतीच्या आत साचतो. धूम्रपान, मधुमेह व वाढलेला रक्तदाब यांमुळे रोहिणीचे नाजूक अस्तर दुखावते. रक्तातील कोलेस्टेरॉलवाहक कण त्याखाली शिरतात. त्यांना गिळण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी मेदाने फुगून तेथेच अडकतात. त्यांवर तंतुमय आवरण चढते व लेप तयार होतो. ही क्रिया तारुण्यातच सुरू होते. कोरियातील युद्धात मरण पावलेल्या अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदने १९५३ साली प्रसिद्ध झाली. विशीतील त्या तरुणांपैकी बहुतेकांच्या रोहिणींत हा विकार आढळला.

लेप वाढून वाट अरुंद झाली, की चालताना वा चढताना छाती दुखते आणि विश्रांतीने थांबते. हा हृद्‌शूल होय. हृदयविकाराचा झटका मात्र पुष्कळदा वेगळ्या रीतीने येतो. पातळ आवरणाचा एखादा लहानसा लेप अकस्मात फाटतो. जखम झाली असे समजून रक्तातील बिंबाणू तेथे धावतात, फायब्रिनचे जाळे विणले जाते आणि रक्ताची गुठळी काही मिनिटांत वाट बंद करते. जी क्रिया कापलेल्या बोटाचे रक्त थांबविते, तीच येथे घातक ठरते. रक्ताविना हृदयस्नायू सुमारे अर्ध्या तासात मरू लागतो.

उपचारही या दोन टप्प्यांप्रमाणेच आहेत. ॲस्पिरिन बिंबाणूंना एकत्र येऊ देत नाही. जंतूंपासून मिळणारे स्ट्रेप्टोकायनेज गुठळी विरघळविते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत दोन्ही औषधे मिळालेल्यांतील पाच आठवड्यांतील मृत्यू सुमारे दोन-पंचमांशांनी घटले. आन्द्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली झुरिच येथे फुग्याने हृदयाची रोहिणी रुंद केली. आज तेथे जाळीदार नळीही बसवितात. अनेक ठिकाणी अडथळे असल्यास शस्त्रक्रियेने रक्ताला नवी वाट करून देतात. स्टॅटिन औषधे कोलेस्टेरॉल उतरवून लेप स्थिर करतात.

परंतु हे सर्व उपाय वेळेवर अवलंबून आहेत. भिलाईत सेक्टर ९ येथे मोठे रुग्णालय आहे. तथापि ‘पित्त झाले असेल’ म्हणून रुग्ण रात्रभर घरीच राहिला, तर जवळच्या रुग्णालयाचा काय उपयोग? छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, घाम, धाप ही लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही रुग्णांत व स्त्रियांत ही लक्षणे सौम्य असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. लेप साचण्यास वर्षे लागतात; गुठळीला मिनिटे पुरतात.