दबलेल्या नसेची कैफियत

कंबरदुखी ही नांगर धरणाऱ्याच्या आणि लेखणी चालवणाऱ्याच्या सारखीच पाचवीला पुजलेली असल्यामुळे तिच्यावर पहिला इलाज घरातच होतो. शेक, लेप, माळीश यांच्या जोडीला उसण भरलेल्या कंबरेवर पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची चालही आपल्या खेड्यांतून अद्याप पुरती गेलेली नाही. परंतु हीच वेदना जेव्हा कंबरेत न थांबता कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या अंगाने पोटरीत आणि पोटरीतून पावलापर्यंत उतरते, खोकताना वा शिंकताना एकाएकी चमकते, आणि मागे मुंग्या नि बधिरता ठेवून जाते, तेव्हा तो मामला स्नायूंचा न राहता कण्यातून निघणाऱ्या एखाद्या मज्जातंतूच्या मुळाचा झालेला असतो. त्याला लोक ‘नस दबली’ म्हणतात, दवाखान्यात सायटिका म्हणतात, आणि आयुर्वेदाने वातव्याधींत गृध्रसी या नावाने त्याची नोंद फार पूर्वीच करून ठेवली आहे.

व्याधी जुनी असली तरी तिचे कारण हाती लागण्यास फार काळ जावा लागला. १७६४ साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या वैद्याने खुब्याच्या सांध्याचे दुखणे आणि मज्जातंतूचे दुखणे यांची फारकत केली. पण त्या तंतूला नेमके काय बोचते, याचा निकाल १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी लावला. कण्यातून काढलेले जे तुकडे तोवर कूर्चेच्या गाठी म्हणून दप्तरी दाखल होत असत, ते पुष्कळदा मणक्यांमधल्या गादीचेच निसटलेले अंश होते, हे त्यांनी दाखवून दिले.

कंबरेच्या पाच मणक्यांखाली त्रिकास्थी असते, आणि दर दोन हाडांमध्ये तंतुमय कड्याची व मऊ गाभ्याची एक गादी असते. वाकण्याचा आणि भार पेलण्याचा बराचसा बोजा शेवटच्या दोन गाद्यांवर पडत असल्यामुळे कडे चिरून गाभा बाहेर येण्याचे प्रकार मुख्यत्वे तेथेच घडतात. मज्जारज्जू त्याच्या बराच वर, कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपलेला असतो. खाली उतरतात ती केवळ मुळे, आणि त्यांपैकी एखाद्यावर हा गाभा टेकतो. तथापि नुसत्या दाबाने सगळा उलगडा होत नाही. निरोगी मुळावर दाब आला तर मुख्यतः बधिरता येते. तीव्र कळ उठते ती मूळ सुजलेले असेल तर, आणि गाभ्यातील द्रव्ये ही सूज स्वतःच उत्पन्न करू शकतात. गादी होती तेथेच असतानाही सूज ओसरताच वेदना शमू शकते ती यामुळे. शिवाय बाहेर आलेला गाभा शरीर पुष्कळदा स्वतःच हळूहळू शोषून घेते, आणि नवलाची गोष्ट अशी की, मोठे व पूर्ण सुटलेले तुकडे बहुधा अधिक विरतात. उतारवयात हाडे व अस्थिबंध जाड होऊन मार्गच अरुंद झाला, तर मात्र लक्षणे निराळी असतात: चालताना पाय भरून येतात, आणि बसले वा पुढे वाकले की आराम पडतो.

वेदना पायात आणि तिचे मूळ कंबरेत, म्हणजे दावा एका गावचा आणि दप्तर दुसऱ्या गावच्या कचेरीत, अशी ही स्थिती असल्यामुळे हाताने केलेल्या तपासणीचे मोल येथे फार मोठे आहे. रुग्णाला उताणे निजवून, गुडघा न वाकवता, टाच तळहातावर घेऊन पाय सावकाश उचलला असता, ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखालपर्यंत तीच ओळखीची कळ उठली, तर मूळ ताणले जात आहे असा संशय बळावतो. डॉक्टरांच्या बोटाचा विरोध मोडून पायाचा अंगठा वर उचलता येत नसेल, तर बोट पाचव्या कटिमुळाकडे जाते. चवड्यावर चालता येत नसेल आणि टाचेमागच्या कंडरेवर हातोडी मारूनही पाऊल हलत नसेल, तर त्याच्या खालच्या मुळाकडे. काही मिनिटांत मिळणारी ही साक्ष न घेता, रुग्णाला पलंगावर न निजवताच एमआरआयच्या चिठ्ठीवर सही होते, याचा मला मनस्वी खेद वाटतो.

पायातली शक्ती कमी होत असेल, ताप असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर ते चित्र हवेच. एरवी ते भिवविते. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखीची तक्रार नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिकांच्या एखाद्या तरी गादीला फुगवटा आढळला. ‘मणक्यात गॅप पडला’ एवढा शेरा ऐकून जन्माचे पांगळेपण आले अशा समजुतीने जी माणसे शेती, रिक्षा, धुणीभांडी सोडून घरी बसतात, त्यांना ही गोष्ट कोणीतरी शेजारी बसून सांगावयास हवी होती.

बहुसंख्य रुग्णांचे दुखणे दोन-तीन महिन्यांच्या मुदतीत पुष्कळ ओसरते. ते दिवस निभावून नेणे हाच उपचाराचा मोठा भाग होय. फळीवर निजवून ठेवण्याचा जुना हुकूम आता रद्द झाला आहे; सोसवेल तेवढे चालावे, आणि कळ उतरू लागली की फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत. वेदनाशामके थोडे दिवस उपयोगी पडतात, मात्र पोट आणि मूत्रपिंडे सांभाळून. नसेची गोळी म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रेगाबालिनने २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत पायाची वेदना बिनऔषधी गोळीहून अधिक कमी केली नाही, घेरी मात्र वाढवली. मुळाजवळ दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन काहींना काही आठवड्यांचा उतार देते.

एवढे करूनही वेदना हटत नसेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली किंवा दुर्बिणीने लहानशा छेदातून तो तुकडा काढता येतो, आणि रुग्णाला बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत चालवतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलंड्समधील चाचणीत लवकर शस्त्रक्रिया ठरवलेल्यांना सुमारे ४ आठवड्यांत आणि थांबून राहिलेल्यांना सुमारे १२ आठवड्यांत आराम पडला. वर्षअखेर दोन्ही गट बरोबरीला आले, मात्र थांबलेल्यांपैकी १०० मागे ३९ जणांना मध्येच शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणून येथे सक्ती कोणाचीच नको. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे, त्याला दोन महिने आधी उभे राहता येणे हे फार मोठे असते. ही शस्त्रक्रिया पायातल्या कळेसाठी असते, कंबरेच्या दुखण्याची हमी ती देत नाही, हे मात्र सही करण्यापूर्वी त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे.

पाऊल लुळे पडत चालले असेल, तर दिरंगाई करू नये. लघवी अडली वा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, किंवा दोन्ही पायांतले बळ गेले, तर मुळांचा अवघा जुडगाच चेपला गेला असण्याचा संभव असतो, आणि त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे लागते. ही लक्षणे पुष्कळ माणसे, विशेषतः आपल्या घरांतल्या बायका, संकोचाने बोलत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी, आणि त्यांच्याआधी घरातल्या सुनेने वा लेकीने, ती आपण होऊन विचारावीत.